विभावरी शिरूरकरांना पुस्तकं 'लिहून देणारा' नवरा

भाचीने महिला दिनाच्या भाषणासाठी काय उतरवून घेतलंय ते पाहिलं आणि डोकंच फिरलं. घरच्या ग्रुपवर फिरणारं ते फॉरवर्ड तिने खरं मानलं. त्यात म्हणे, विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर यांची गाजलेली पुस्तकं पती विश्राम बेडेकरांनी लिहून दिली. सासरच्या धाकाने बाईंनी टोपणनाव घेतलं. आणि मुलींना 'प्रेमासाठी घर सोडा' असं शिकवलं. वर कळस चढवावा तसं एक वाक्य : बिचाऱ्या मध्यमवर्गापलीकडे कधी गेल्याच नाहीत.

पहिल्या मुद्द्याला नुसती सनावळी पुरे. 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला १९३३ साली, पाठोपाठ 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी. लग्न १९३८चं. तोवर त्या बाळूताई खरे होत्या, हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या, शिक्षिका. विश्रामरावांचं 'रणांगण' तर १९३९चं! म्हणजे स्वतःची कादंबरी यायच्या कितीतरी आधी हे गृहस्थ न झालेल्या बायकोला पुस्तकं लिहून देत होते? बाईने धीट लिहिलं की मागे पुरुष हुडकायचा, ही खोड जुनीच. विभावरी हा कुणी पुरुषच असणार, असे तर्क तेव्हाही लढवले गेले होते.

सासरचा धाकही त्याच तारखांत निकालात निघतो. नाव लपवलं हे खरं, तेवढं मान्य. पण शाळेत शिकवणाऱ्या अविवाहित बाईचं नाव पुस्तकावर उठलेल्या गदारोळात उघडं पडलं असतं, तर लोकांनी काय केलं असतं?

खरा राग 'घर सोडा'चा. 'कळ्यांचे निःश्वास'मधल्या 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या कथेचं नाव तरी वाचा. शिकलेल्या, कमावत्या मुलींची घुसमट मांडणं म्हणजे पळून जायला सांगणं नव्हे. 'हिंदोळ्यावर'मधली अचला नवऱ्यापासून दुरावलेली, दुसऱ्यावर प्रेम करणारी. मुंबई इलाख्यात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला १९४७ साली. तिला मोकळं व्हायची सोयच नव्हती. तिचं प्रेम तिला महागात पडतं, आणि लेखिका ते लपवत नाही.

मध्यमवर्गाचं म्हणाल, तर सोलापूरला इंग्रज सरकारने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली. काटेरी तारांच्या आतली ती माणसं १९५०च्या 'बळी' कादंबरीत आहेत. आणि १९८१ साली, पंचाहत्तरी उलटल्यावर, मुंबईच्या समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्याच होत्या. तिथलं भाषणही नवऱ्यानेच लिहून दिलं, असं म्हणायचंय का?