प्राध्यापकांनी हायकोर्टाच्या निकालावर बोलू नये? का बरं?

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचा सारांश असा: लॉ कॉलेजचे प्राध्यापक हायकोर्टाच्या निकालांवर नेटवर टीका करतात, ही कोर्टाची बेअदबी आहे. ज्यांनी कधी काळा कोट घातला नाही त्यांना तो अधिकार नाही. हायकोर्टाने निकाल दिला की विषय संपला. आणि असल्या टीकेने लोकांचा न्यायावरचा विश्वास उडतो. खाली नेहमीप्रमाणे ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’. मी सहमत नाही.

बेअदबीचं आधी बघू, कारण माणूस घाबरतो तो त्यालाच. न्यायालय अवमान कायदा १९७१चा. त्याचं कलम ५ म्हणतं की सुनावणी होऊन अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टिप्पणी प्रसिद्ध केली तर तो अवमान होत नाही. टिप्पणी करणारा वकीलच हवा, अशी अट त्यात कुठेही नाही. न्यायमूर्तींनी कलमाचा अर्थ चुकीचा लावला, सुप्रीम कोर्टाचा अमुक निवाडा बघितलाच नाही, असं कारणं देऊन लिहिणं याच कलमात बसतं. न्यायमूर्तींनी पैसे खाल्ले असं हवेत लिहिणं बसत नाही. त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि ‘आम्ही कंटेम्प्ट टाकू’ म्हणणाऱ्यांनी कलम १५ वाचावं. फौजदारी अवमानाची दखल कोर्ट स्वतःहून घेऊ शकतं, पण खासगी माणसाला अर्ज करायचा तर आधी महाधिवक्त्यांची, म्हणजे राज्य सरकारच्या सर्वोच्च वकिलाची, लेखी संमती लागते.

यावर एक वकिली प्रश्न येतो, आणि तो फालतू नाही. हायकोर्टाच्या निकालावर सुप्रीम कोर्टात अपील चालू असेल तर प्रकरण ‘अंतिम’ कुठे झालं? खरं आहे, कलम ३च्या स्पष्टीकरणात अपील संपेपर्यंत प्रकरण प्रलंबितच धरलंय. तिथे जपून लिहायलाच हवं. पण शिक्षेसाठी कलम १३ची पायरी चढावी लागते: न्यायदानात भरीव अडथळा आलेला किंवा येण्यासारखा असायला हवा. १९ जानेवारी २०२१ला नागपूर खंडपीठाने पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम ७चा अर्थ लावताना कपड्यांवरून केलेला स्पर्श त्या कलमाबाहेर काढला. देशभर त्यावर सडकून टीका झाली. आठ दिवसांत सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ला निकाल रद्द केला. मधल्या काळात कलम ७मधल्या ‘स्पर्श’ आणि ‘शारीरिक संपर्क’ यांची फोड करून दाखवणाऱ्यांनी कोणत्या न्यायदानात अडथळा आणला?

काळ्या कोटाचा मुद्दा पाच मिनिटांचा आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम, क्रमांक ४९. म्हणजे पूर्णवेळ प्राध्यापकाच्या अंगावरचा कोट नियमानेच उतरवलाय, आणि आता तो नाही म्हणून त्यालाच हिणवायचं. उलट बाजूने, वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा १९७९च्या नियमांनी दिलीय. सकाळी हिंदू लॉचा तास घेऊन अकराला कोर्टात हजर होणारे सर कुणाला माहीत नाहीत? आणि घटनेचा अनुच्छेद १२४(३) तर ‘विख्यात कायदेपंडित’ एवढ्या पात्रतेवर थेट सुप्रीम कोर्टाचा न्यायमूर्ती होण्याची वाट ठेवतो. त्या वाटेने आजवर कुणाला नेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आता ‘निकाल लागला, विषय संपला’. हे वाक्य खान्देशात तरी कुणी लिहू नये. आपले तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, आणि इथून घाट चढून तिकडे जाणाऱ्या फायलींमध्ये जात पडताळणीच्या किती असतात ते कुठल्याही वकिलाच्या कपाटात दिसेल. टोकरे कोळी, ठाकूर या आदिवासी जमातींच्या. पोराचं मेडिकलचं अॅडमिशन अडलेलं, किंवा बापाची नोकरी. फाईलमध्ये आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, दक्षता पथकाचा अहवाल, आणि शेवटी समितीचं ठरलेलं वाक्य: अॅफिनिटी टेस्टमध्ये अर्जदार उतरत नाही. म्हणजे देव कोणते, लग्नाच्या चाली कोणत्या, ही उत्तरं पुस्तकातल्या वर्णनाशी जुळली नाहीत. जळगावात वाढलेल्या पोराची ती कशी जुळावीत?

या टेस्टला किती वजन द्यायचं यावर मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २००९ला एक भूमिका घेतली: ती पडताळणीचा अविभाज्य भाग आहे. पुढे सुप्रीम कोर्टाच्याच निकालांचा एकमेकांशी मेळ बसेना, म्हणून प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला. २४ मार्च २०२३ला उत्तर आलं: ही टेस्ट म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, आणि कागदपत्रांनी समितीचं समाधान झालं तर प्रत्येक प्रकरण दक्षता पथकाकडे धाडायची गरज नाही. हायकोर्टाच्या निकालापासून इथवर चौदा वर्षं गेली. त्या वर्षांत ‘विषय संपला’ म्हणून सगळे गप्प बसायला हवे होते का?

याच फायलींत प्राध्यापकांचं खरं काम दिसतं. निकाल इंग्रजीत येतो. घटनेच्या अनुच्छेद ३४८प्रमाणे हायकोर्टाची भाषा तीच. पेपरात मथळा येतो, ‘समितीचा आदेश हायकोर्टाकडून रद्द’, घरी पेढे वाटले जातात, आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की प्रकरण फेरचौकशीसाठी समितीकडे परत. बाप विचारतो, ‘भाऊ, निकाल लागना, पन आपलं काय व्हयनं?’ वकिलाला पुढच्या मॅटरची घाई. अशा वेळी निकालातला परिच्छेद समोर ठेवून ‘इथे कोर्टाने दाखला दिलेला नाही, आणि का द्यायला हवा होता ते मी सांगतो’ असं मराठीत कुणी लिहिलं, तर त्याचं तोंड बंद करायचं?

मथळा वाचून तासाभरात निकालाच्या चिंधड्या उडवणारे प्राध्यापकही आहेत. त्यांची वकिली मी करणार नाही. निकालाची प्रत हायकोर्टाच्या वेबसाइटवर फुकट मिळते. ती न वाचता बोलणाऱ्याला बेअदबीची नव्हे, पण नापासाची शिक्षा जरूर व्हावी.

राहिला विश्वास. मथुरा प्रकरण इथे सांगायलाच हवं. २६ मार्च १९७२, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं, मथुरा नावाची एक आदिवासी मुलगी, आणि तिच्यावर ठाण्यातच बलात्कार केल्याचा आरोप असलेले दोन पोलीस. सेशन्स कोर्टाने दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठाने १९७६ला दोषी धरलं आणि सांगितलं की भीतीने निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ला सुप्रीम कोर्टाने त्यांना पुन्हा सोडलं. सप्टेंबर १९७९मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. म्हणजे प्राध्यापक तेव्हा हायकोर्टाच्या बाजूने उभे होते आणि टीका त्याहून वरच्या कोर्टावर होती. न्यायावरचा विश्वास उडालेला माणूस सरन्यायाधीशांना पत्र लिहीत बसत नाही. त्या पोलिसांची सुटका बदलली नाही, पण रान पेटलं आणि १९८३ला कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार वेगळा गुन्हा झाला, किमान शिक्षा दहा वर्षं. पुराव्याच्या कायद्यात कलम ११४-अ आलं: अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टाने ती नव्हती असंच गृहीत धरायचं. १ जुलै २०२४पासून पुराव्याचा कायदाच नवा आला, तरी हे गृहीतक त्याच्या कलम १२०मध्ये कायम आहे.