बागेला विरोध नाही हो, पण आधी विचारा की

सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. आमच्या तळ्याकाठी होणाऱ्या बागेचा थ्रीडी व्हिडिओ. (तळ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की फोन यायला लागतात, आणि कोल्हापुरात कुठलंही तळं घ्या, गोष्ट तीच.) मागं गिटार वाजतंय, ओळीनं पामची झाडं, फूड कोर्ट, रंगीत कारंजं, आणि फिरणारी माणसं बघावीत तर त्यात आपल्यातलं एक नाही, कोण एक गोरीपान बाई कुत्रं घेऊन पळतीय. खाली कमेंटा, लै भारी, नाद खुळा. चहा तसाच ठेवून लिहायला बसलोय.

त्या व्हिडिओत ओढा नाही.

ओढ्याचं काय ते सांगतो. मागं ह्याच बागेच्या नकाशावर सुनावणी झाली. वार कामाचा, वेळ साडेअकराची, म्हणजे नोकरीवाला आणि दुकानवाला आपोआप कटाप. नोटीस पेपरच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावात बदल यांच्या मधी कुठंतरी. तरी गेलो आम्ही काही जण. नकाशा भिंतीवर, सगळा इंग्रजीत. एक मामा उठले, आख्खा जन्म तळ्यावर म्हशी धुण्यात गेलेला माणूस. नकाशाजवळ गेले, बोट फिरवत फिरवत थांबले आणि म्हणाले, "सायेब, ह्यात वढा कुठं हाय?" साहेब म्हणाले, हरकत लेखी द्या. मामा म्हणाले, "लिव्हाय येत असतं तर म्हशी राखल्या असत्या व्हय?" सगळा हॉल हसला, साहेब पण हसले आणि पुढचं नाव पुकारलं. झाली सुनावणी.

आता बघा, जिथं फूड कोर्ट दाखवलंय तिथनंच पावसाचं पाणी तळ्यात उतरतं. मामांना ते ठाऊक आहे कारण त्यांनी तिथं म्हशी अडकलेल्या सोडवल्यात. ड्रॉइंग काढणाऱ्यानं बहुतेक उन्हाळ्यात गुगल मॅप बघितला असणार.

कायदा १९६६ चा आहे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. आराखडा आधी करायचा, मग राजपत्रात प्रसिद्ध करायचा, ३० दिवस हरकती-सूचना घ्यायच्या, मग सुनावणी. म्हणजे लोकांचा नंबर लागतो तो नकाशा रंगवून झाल्यावर. पत्रिका छापून वाटून झाल्या की पोरीला विचारायचं, स्थळ पसंत आहे का गं? आणि विचारायला गेलो तर लेखी द्या. बरं, आपल्या वतीनं भांडायला नगरसेवक तरी होते का, तर २०२० च्या नोव्हेंबरात मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं सभागृहच नाही, नुसता प्रशासक. टोल घालवलेलं गाव आहे हे, आणि तळ्याकाठी काय होणार ते आपल्याला व्हॉट्सॲपवर कळतंय!

आणि आपल्याला हे नवीन आहे काय. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, जरा जोराचा पाऊस झाला की मैदानात पाणी, आपलं तळं शोधत येतंय बिचारं. कपिलतीर्थाची मंडई झाली. रंकाळ्याचं तर बोलायलाच नको, राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना आली, कोटीत पैसे आले, काठावर सुशोभीकरण झालं, आणि वरच्या वसाहतींचं सांडपाणी नाल्यातनं येत राहिलं, केंदाळ, म्हणजे जलपर्णी, काढता काढता नाकी नऊ आले. तिकडं अजमेरला आनासागरच्या काठावर सेव्हन वंडर्स पार्क बांधलं आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं पाडायला लागलं. ताजमहाल, आयफेल टॉवर, सगळं. पैसे कुणाचे? तुमचे-माझेच की.

हां, आता काही जण म्हणतील सगळ्यांना विचारत बसलं तर बाग व्हायचीच नाही. आहे, थोडं खरं आहे. त्या दिवशी सुद्धा एक जण तळ्याचं सोडून स्वतःच्या गुंठेवारीवरच अर्धा तास बोलला. आणि दिवे पाहिजेत, संध्याकाळी बायकांना एकटं फिरता आलं पाहिजे, म्हाताऱ्यांना बसायला जागा पाहिजे, ते मान्य. पण ह्यातलं फूड कोर्ट कुणी मागितलं होतं ते एकानं सांगावं.

आणि माणसं वाईट नसतात हो सगळी. सुनावणी संपल्यावर एक तरुण इंजिनिअर बाहेर आला, मामांना म्हणाला, मामा, ओढा दाखवता का मला. आणि मामांना गाडीवर मागं बसवून गेला की तो! चिखलातनं फिरला, फोटो काढले, वहीत लिहून घेतलं. मामांनी त्याला एवढंच सांगितलं की काठावर वाळुंज लावा, करंज लावा, तुमच्या त्या पामखाली कुत्रं बी बसायचं न्हाई. त्या पोराबद्दल माझ्या मनात काही नाही. त्याची वही वर कुठं अडकली ते त्याला तरी माहीत असेल का.

पण अडकलीच ना. व्हिडिओत ओढा नाहीच आहे, परत परत बघितला, पॉज करून बघितला. लेखी पण दिली होती हरकत, मामा बोलले तसं लिहिलं, खाली त्यांचा अंगठा, पोच घेतलीय शिक्क्यासकट. मग वाचली कुणी?

तर असं करू. रविवारी सकाळी सात वाजता तळ्यावर या. नकाशाची मोठी प्रिंट मी काढतोय, मामांना आणायची जबाबदारी माझी. ओढ्यापासनं सुरुवात करून पूर्ण काठ फिरायचा आणि काय कुठं पाहिजे, काय नको ते नकाशावरच मार्करनं मराठीत लिहायचं. त्याच नकाशावर सगळ्यांच्या सह्या घेऊन सोमवारी आवक-जावकला द्यायचा. ड्रॉइंग वाचता येणारं कोण आर्किटेक्ट, सिव्हिलवालं असेल तर इनबॉक्स करा. आणि चिखल आहे, पांढरे बूट घालून येऊ नका.