गायिका गप्प का, हे विचारणाऱ्यांना

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. एका मराठी गायिकेने फेसबुकवर काहीतरी मत मांडलं, तर अर्धे जण म्हणतात बाई तू गाणं म्हण, राजकारण नको, आणि उरलेले बाकीच्या गायिकांच्या नावाने ओरडतायत की यांची दातखीळ का बसली. मी लॅटव्हियात, रीगाला राहते. इथे रशियन बोलणारे भरपूर, ऑफिसात शेजारी बसणारीही त्यातलीच, आणि तिच्या नादाने मला रशियन पॉपची चटक लागली. त्यामुळे हा वाद वाचला की मला त्या बायकाच आठवतात.

झेम्फिरा या रशियन गायिकेने 2022 ला युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर स्वतःच्या वेबसाइटवर 'युद्ध नको' लिहिलं, मग पॅरिसला गेली, 2023 ला रशियन सरकारने तिला 'फॉरेन एजंट', म्हणजे परकीयांची हस्तक, ठरवलं. गायिका मोनेतोच्का तर 1998 ची पोरगी, ती लिथुआनियात, तिच्यावरही तोच शिक्का. हा शिक्का म्हणजे प्रत्येक पोस्टवर तसं लिहायचं, आणि मार्च 2025 पासून रशियातली रॉयल्टी एका वेगळ्या खात्यात जाऊन पडते, शिक्का निघेपर्यंत ती काढता येत नाही. म्हणजे गाणं तुझं आणि पैसे अडकलेले. गायिका मनिझा 2021 ला रशियातर्फे युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेला गेली, नववी आली, युद्धाविरुद्ध बोलली आणि शो रद्द व्हायला लागले. उलट 2015 ला युरोव्हिजनमध्ये दुसरी आलेली पोलिना गागारिना 18 मार्च 2022 ला मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियमवर पुतिनच्या सभेत गायली, तिचं मस्त चाललंय.

आणि गप्प बसलं की वाचतो, असंही नाही हं. डिसेंबर 2023 ला मॉस्कोत एका क्लबमध्ये कमी कपड्यांची पार्टी झाली, त्यात राजकारणाचा र नव्हता, तरी गदारोळ झाला, लोलितासारख्या मुरलेल्या गायिकेला माफी मागावी लागली आणि नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमांतून तिला कापलं.

मला सगळ्यात लागलं ते नाओकोचं. 18 वर्षांची मुलगी, सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यावर कीबोर्ड मांडून मोनेतोच्काची वगैरे गाणी म्हणायची, आणि व्हिडिओत दिसतं की भोवतीची पोरं शब्दन् शब्द तिच्याबरोबर गातायत. ऑक्टोबर 2025 ला तिला उचललं, शिक्षा संपत आली की परत नवीन शिक्षा, शेवटी नोव्हेंबरमध्ये तिने देश सोडला. रशियन पॉपची सगळ्यात मोठी गायिका पुगाचोवा 2022 ला, नवऱ्यावर हाच शिक्का बसल्यावर, त्याच्या बाजूने उभी राहिली आणि मलाही फॉरेन एजंट म्हणा म्हणाली, ते धाडसच, पण तिच्या पाठीशी अख्ख्या आयुष्याचं नाव होतं. या पोरीकडे एक कीबोर्ड.

आपल्याकडे रशियासारखं नाही हे मला कळतं, पण 1976 ला किशोरकुमारने सरकारी कार्यक्रमाला नाही म्हटलं तर आकाशवाणीने त्याची गाणी बंद केली होती, हे फार जुनं नाही. माझं मत स्पष्ट आहे, गायिकेने बोलावं, पण तिला बोल म्हणणाऱ्यांनी नंतर गायब व्हायचं नाही. ग्रुपवरच कुणीतरी टाकलंय की त्या गायिकेचा पुढच्या महिन्यातला शो आयोजकांनी 'तूर्तास' पुढे ढकलला. त्यावर कुणी एक शब्द लिहिला नाही, गप्प का म्हणून ओरडणाऱ्यांनी पण नाही. आयोजकांचा नंबर पोस्टरवर आहे, उद्या फोन करून नवी तारीख विचारा की.