मध-हळदीने ॲलर्जी ‘मुळापासून’ जात नाही

पावसाळा सरत आला की एक संदेश दरवर्षी मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा आशय असा: ॲलर्जी म्हणजे कमी झालेली प्रतिकारशक्ती, आपल्याच भागातला एक चमचा मध हळद घालून रोज अनशापोटी घेतला, तर कोणतीही ॲलर्जी २१ दिवसांत मुळापासून जाते, तान्ह्या बाळांनाही तो चाटवावा, आणि गोळ्या व फवारे सवय लावतात म्हणून ते आधी बंद करावेत. यंदा माझ्या मावशीने तो मनावर घेऊन नाकातला फवारा थांबवला, आणि पंधरवड्यात नाक इतके चोंदले की उशीला टेकून, तोंडाने श्वास घेत ती रात्री बसून काढू लागली.

मुळात व्याख्याच उलटी आहे. ॲलर्जीत प्रतिकारशक्ती कमी पडत नाही. परागकण, धुळीतले सूक्ष्म कीटक, शेंगदाणा किंवा कोळंबी अशा एरवी निरुपद्रवी गोष्टींना ती शत्रू ठरवते. त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होऊन त्वचेत, नाकात असणाऱ्या मास्ट नावाच्या पेशींवर बसतात आणि तीच गोष्ट पुन्हा शरीरात आली की त्या पेशींतून हिस्टामिन हे रसायन सुटते. शिंका, डोळ्यांची खाज, अंगावर उठणाऱ्या गांधी हे बहुतांशी त्याचेच परिणाम. व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला, तोही शरीराच्या ‘बदललेल्या प्रतिसादा’साठी.

‘कोणतीही ॲलर्जी’ हे शब्द तर आपल्याकडे मुळीच टिकत नाहीत. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजर गवत घ्या. ते उपटणाऱ्यांच्या हातांवर, आणि त्याचे कण वाऱ्याने उडत असल्यामुळे पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या घडीत जो खाजरा, चिघळणारा पुरळ उठतो, तो आयजीईमुळे नव्हे, तर प्रतिकारशक्तीच्याच टी पेशींमुळे येतो आणि बहुधा एक-दोन दिवसांनी दिसतो. तिथे नेहमीची ॲलर्जीची गोळीही फारशी उपयोगी पडत नाही. पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालणे, घरी येताच अंग धुणे, आणि त्वचारोगतज्ज्ञाने दिलेले स्टेरॉइडचे मलम सांगितले तितकेच दिवस लावणे, हाच उपाय आहे.

मधाचा युक्तिवाद वरवर पटतो: परागकण थोडे थोडे पोटात गेले की शरीराला ते सोसू लागतील. पण मधमाशी ज्या फुलांवर बसते त्यांचे परागकण जड आणि चिकट असतात. आपल्याला शिंका आणतात ते मुख्यतः गवतांचे आणि काही झाडांचे, वाऱ्यावर तरंगणारे हलके कण. अमेरिकेतील कनेक्टिकटमध्ये ३६ जणांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत (२००२) स्थानिक मध आणि मधाच्या चवीचा नुसता पाक यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. थोडे थोडे देऊन सवय करण्याचे खरे शास्त्र वेगळे आहे. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये त्याचा पाया घातला. त्यात तपासणीने निश्चित झालेल्या परागकणांचे किंवा धुळीतल्या कीटकांचे मोजून तयार केलेले डोस इंजेक्शनने किंवा जिभेखाली, साधारण ३ ते ५ वर्षे दिले जातात. स्वयंपाकातल्या हळदीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. एक वर्षाखालील बाळाला मात्र मधाचे बोटही चाटवू नये. त्यातून बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

आता सवयीविषयी. सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. महिनोन्‌महिने रोज घेतलेली सेटिरिझिन एकदम थांबवल्यास क्वचित तीव्र खाज सुटते, म्हणून ती डॉक्टरांना विचारून थांबवावी. सर्दीच्या अनेक गोळ्यांत असणारे जुने क्लोरफेनिरामिन गुंगी आणते; ते घेऊन दुचाकी चालवू नये. संदेशातल्या भीतीला आधार आहे तो एकाच ठिकाणी: बंद नाक क्षणात मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब काही दिवसांहून अधिक वापरले, तर थांबवताच नाक अधिकच चोंदते. मावशीचा फवारा स्टेरॉइडचा, म्हणजे निराळा होता. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात आणि तो नियमित घ्यावा लागतो. शिवाय ती मान मागे टाकून फवारत असे, त्यामुळे औषध घशात उतरे. डॉक्टरांनी दाखवले: मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, टोक नाकाच्या पडद्याकडे नव्हे तर बाहेर कानाच्या दिशेने. तिने माळ्यावरची धूळ कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायला घेतली आहे आणि चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुते.

‘औषधे आधी बंद करा’ हा सल्ला सर्वांत घातक ठरतो तो कोळंबी खाल्ल्यावर, मधमाशी चावल्यावर किंवा एखादे इंजेक्शन घेतल्यावर काही मिनिटांत ओठ-जीभ सुजू लागली, आवाज घोगरा झाला, श्वास अडला किंवा भोवळ आली तर. तिथे मध तर नाहीच, गोळीही पुरत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन तातडीने मिळावे लागते. रुग्णाला उभे करू नये, आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, श्वास लागत असेल तर पाय पसरून बसवावे, आणि लगेच १०८ ला फोन लावावा.