ऑस्ट्रियाचं उदाहरण नीट वाचा

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय : "ऑस्ट्रियात सिगारेटबंदी रद्द करू म्हणणारा पक्ष सत्तेत आला. जनतेला बंदी नकोच असते. बंदी आणणारा पक्ष मतं गमावतो. ज्याला धूर नको, त्याने दुसऱ्या हॉटेलात जावं." यातलं पहिलंच वाक्य तेवढं खरं आहे, तेही अर्धं.

हा पक्ष म्हणजे फ्रीडम पार्टी. ती सत्तेत आली, पण 2017 च्या निवडणुकीत तिला सुमारे 26 टक्के मतं होती आणि नंबर तिसरा. प्रचार तापला होता तो स्थलांतरितांच्या प्रश्नावर. पहिल्या आलेल्या पीपल्स पार्टीला जोडीदार हवा होता. फ्रीडम पार्टीचे नेते श्ट्राखे, स्वतः सिगारेट ओढणारे, यांनी तेव्हा आपली अट पदरात पाडून घेतली : मे 2018 पासून हॉटेल-बारमध्ये लागू होणारी धूम्रपानबंदी रद्द.

जनतेचं म्हणाल, तर व्हिएन्नाच्या डॉक्टरांची संघटना आणि कर्करोग मदत संस्था यांनी बंदीसाठी सह्या मागितल्या. 8 लाख 81 हजारांवर लोकांनी सह्या केल्या. देशाची लोकसंख्या जेमतेम 90 लाख! तरी सरकारने सार्वमत घेतलं नाही.

मतं गमावण्याचं तर सोडाच. पीपल्स पार्टीने 2015 मध्ये बंदीला मत दिलं, 2018 मध्ये ती मोडली, जुलै 2019 मध्ये पुन्हा बंदीच्या बाजूने हात वर केला. सप्टेंबरच्या निवडणुकीत तिची मतं 31 वरून 37 टक्क्यांवर गेली. फ्रीडम पार्टी 16 वर घसरली. हे बंदीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, इबिझा बेटावर चोरून काढलेल्या व्हिडिओत सरकारी कंत्राटांचं आमिष दाखवताना दिसल्याने श्ट्राखेंचं पद आधीच गेलं होतं. पण मग 2017 चा निकालही सिगारेटच्या खात्यावर मांडू नका.

शेवटच्या वाक्याचा मला खरा राग येतो. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, वेटर कुठे जाणार? 2009 पासूनच्या नियमात मोठ्या कॅफेंना धूम्रपानाची वेगळी खोली चालायची. ट्रे घेऊन वेटर आत गेला की दार उघडायचं, धूर त्याच्याबरोबरच बाहेर यायचा. सिगारेट न ओढणारा वेटरही आठ-आठ तास त्याच हवेत श्वास घ्यायचा. पन्नास चौरस मीटरच्या आतल्या बारमध्ये तर ते दारही नसायचं, मालक म्हणेल ते. 1 नोव्हेंबर 2019 ला बंदी लागू झाली आणि त्या खोल्या बंद झाल्या.