एक बाटली चढवून द्या ना डॉक्टर!

पुतणी १५०० मीटर पळते, पहाटे साडेपाचला मानकापूरच्या ट्रॅकवर. मे महिन्यात नऊनंतर आपल्या नागपुरात माणूस नुसता उभ्यानं भाजतो. तर राज्य स्पर्धेच्या दोन दिवस आधी पोरीले ऊन लागलं, उलट्या सुरू, वहिनी घाबरली, नेलं गल्लीतल्याच दवाखान्यात. डॉक्टरनी काही न विचारता स्टँड ओढला, सलाईनची एक बाटली लावतो म्हणे, संध्याकाळपर्यंत टणटणीत. पोरीनं हात मागं घेतला. "काका, नको, बॅन आहे."

मी हसलोच ना बे! मीठपाण्यात कसलं आलं डोपिंग?

घरी येऊन वाडाची, म्हणजे खेळातलं डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेची, बंदीची यादी वाचली तर खरंच आहे. औषध नाही, पद्धतच बंद. १२ तासांत १०० मिलीच्या वर शिरेतून काही द्यायचं नाही आणि आपली बाटली ५०० ची! हॉस्पिटलच्या खऱ्या उपचारात चालते, जिवावर बेतलं तर आधी लावा, परवानगीचा अर्ज मागून. पण "जरा वीकनेस आहे" म्हणून लावलेली नाही चालत. फुटबॉलपटू समीर नासरीवर अशाच ५०० मिलीच्या ड्रिपपायी शेवटी १८ महिन्यांची बंदी आली. पोहणाऱ्या रायन लॉक्टीनं तर ड्रिप लावलेला फोटो स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकला, १४ महिने घरी.

कारण काय, तर ईपीओ नावाचं हार्मोन घेऊन नाहीतर रक्त चढवून लाल पेशी वाढवल्या की रक्त घट्ट होते, अन टेस्टवाला यायच्या आत सलाईन घेतलं की पातळ. १९९८ च्या सायकलिंग वर्ल्ड चॅम्पियनशिपला तपासनीस तिथंच हजर असताना सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या टीमच्या डॉक्टरनं रेनकोटात लपवून एक लिटर सलाईन आत नेलं होतं. (२०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं गेली ती काही उगाच नाही.)

म्हणजे नियम बरोबर आहे, माझा राग वेगळाच आहे. आपल्याकडं सलाईन म्हणजे जवळपास घरगुती औषध, लग्नात नाचून थकले तरी लावतात, आणि शरीरात काय गेलं त्याची जबाबदारी पूर्ण त्या सतरा वर्षांच्या पोरीवर. बाटली लावणाऱ्या डॉक्टरले कोणी सांगतच नाही. क्रिकेटपटू पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये खोकल्याच्या सिरपपायी आठ महिन्यांची बंदी आली, तेव्हाही आपण दोन दिवस बोललो अन विसरलो.

पोरीनं वहिनीच्या हातचं ओआरएस रात्रभर घोटघोट घेतलं, पळाली, पाचवी आली. मी त्या यादीची प्रिंट काढून डॉक्टरले देऊन आलो. परवा बीपी दाखवायले गेलो तर ती अजून मशीनखालीच होती, चहाच्या कपाचा गोल डाग पडलेला.