‘उंदीर काय, आपोआप वाढतात’: या मेसेजला उत्तर

रिसर्च असिस्टंटच्या जागा निघाल्या की जीवशास्त्राच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘ॲनिमल हाउसची नोकरी घेऊ नका. खाणं-पाणी द्यायचं, पिंजरे बदलायचे, त्याला एमएस्सी कशाला? उंदीर आपोआप वाढतात. आणि अमेरिकेने प्राण्यांवरच्या चाचण्या बंदच केल्यात, म्हणजे ही कामंही संपणार.’ मी पुण्यात हेच काम करते, प्रयोगांसाठीचे उंदीर सांभाळण्याचं. यातलं एकेक वाक्य तपासू.

‘आपोआप वाढतात.’ वाढतात, आणि खरी अडचण तीच आहे. मादीचा गरोदरपणाचा काळ १९ ते २१ दिवसांचा. व्याल्यावर एका दिवसाच्या आत ती पुन्हा माजावर येते. नर पिंजऱ्यातच राहिला, तर पहिली पिल्लं आईपासून वेगळी करायच्या सुमारास दुसरी जन्मतात आणि मोठ्यांच्या पायाखाली ती चिरडली जाऊ शकतात. शिवाय प्रयोगाला नुसते उंदीर चालत नाहीत, ठरावीक जनुकं, ठरावीक लिंग आणि ठरावीक वय लागतं.

समजा, दोन जनुकं पूर्ण बंद असलेले ८ नर हवेत. दोन्ही जनुकांची एकेकच प्रत बिघडलेले आईबाप जोडले, तर १६ पिल्लांत एक हवं तसं निघतं. नरच हवा म्हटलं की ३२ मध्ये एक. म्हणजे सरासरी २५६ पिल्लं. पण तो दुहेरी बदल असलेला प्राणी जगत असेल आणि प्रजननक्षम असेल, तर त्यालाच एका बाजूला जोडता येतं. मग ८ पिल्लांत एक नर मिळतो आणि ६४ पिल्लांत काम भागतं. फरक १९२ जिवांचा. उरलेल्या बहुतेक पिल्लांना शेवटी मारावंच लागतं. जोड्या लावायच्या आधी कागदावर केलेल्या या हिशेबाला मी साधं काम म्हणू शकत नाही.

त्यात उंदरांचं स्वतःचं शास्त्र आहे. नुकत्याच गाभण राहिलेल्या मादीला अनोळखी नराचा वास आला, तर बऱ्याचदा गर्भ रुजत नाही. हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्ये हे दाखवलं. उलट नराच्या पिंजऱ्यातला मळका भुसा माद्यांच्या पिंजऱ्यात टाकला, की बऱ्याच जणी तिसऱ्या दिवसाच्या आसपास एकदम माजावर येतात. जोडी लावल्यावर सकाळी लवकर प्लग, म्हणजे समागमानंतर मादीच्या योनीत तयार होणारा घट्ट गोळा, तपासावा लागतो, कारण दुपारपर्यंत तो गळून पडू शकतो आणि गर्भाचा दिवस मोजायची खूणच जाते.

‘पिंजरे बदलणं’ या शब्दांतला तुच्छतेचा सूर तर मला अजिबात मान्य नाही. केस पिंजारून, पाठ काढून कोपऱ्यात बसलेला उंदीर सगळ्यात आधी आमच्याकडच्या पिंजरे बदलणाऱ्या मामांना दिसतो. नवजात पिल्लांच्या पातळ कातडीतून पोटातलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. ते दिसलं नाही तर आई पाजत नाहीये. अशा वेळी घरटं उचलायचं झालं, तर थोड्या जुन्या भुशासकट उचलायचं.

एमएस्सी कशाला? सी-५७-ब्लॅक-६ या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जातीच्या ‘जे’ आणि ‘एन’ या उपजाती दिसायला सारख्याच काळ्या. पण ‘जे’मध्ये एनएनटी जनुक बिघडलेलं असल्याने इन्सुलिन स्रवण्यावर परिणाम होतो, आणि ‘एन’मध्ये डोळ्याच्या पडद्याला बाधणारा आरडी-८ हा दोष असतो. मधुमेहाच्या प्रयोगात एका गटाला ‘जे’ आणि तुलनेच्या गटाला ‘एन’ घेतले, तर औषधाचा परिणाम कुठला आणि जातीचा कुठला, हे कळणारच नाही. पिंजऱ्यावरच्या कार्डावरचं ते एक अक्षर बघणारा माणूस शिकलेलाच हवा.

राहिली अमेरिका. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती काढली, बंदी घातली नाही. एप्रिल २०२५ मध्ये एफडीए या तिथल्या औषध नियामक संस्थेने या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडा जाहीर केला आणि सुरुवात मोनोक्लोनल अँटिबॉडी या प्रकारच्या औषधांपासून ठरवली. भारतानेही २०२३ मध्ये नियम बदलून पर्यायी पद्धतींना वाट दिली. मला याचा मनापासून आनंद आहे. पेशींवर भागत असेल तिथे एकही उंदीर लागू नये. पण हे सगळे बदल औषधांच्या मंजुरीपुरते आहेत. गर्भात हृदय कसं घडतं, एखादं जनुक म्हातारपणी काय करतं, अशा मूलभूत संशोधनातल्या उंदरांबद्दल त्या कायद्यात काहीच नाही.